संमती आणि शरणागती : एका खुल्या पत्राचा शब्दविचार

न्यायनिर्णय हा जसा कायद्याचा, तसाच भाषेचाही दस्तऐवज असतो. एखाद्या शब्दाची व्याप्ती न्यायालय कोठवर मानते, यावर कोणाची तक्रार खरी ठरावी हे पुष्कळदा अवलंबून राहते. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधि-अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र या दृष्टीने मननीय आहे.

पत्राचा विषय सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निर्णय होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर (आज गडचिरोली) जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका पोरक्या, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीला जबाबासाठी आणण्यात आले. आप्तांना बाहेर पाठवून तिला आत थांबविले गेले, आणि तेथेच पोलिसाने आपल्यावर बलात्कार केला, अशी तिची तक्रार होती. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले.

घटना एकच, परंतु तिचे वाचन प्रत्येक पायरीवर पालटले. भयाने देह स्वाधीन करणे म्हणजे इच्छा नव्हे, असे उच्च न्यायालयाने मानले. अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरड केल्याचे तिचे म्हणणे विश्वसनीय नाही, यावरून सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा निष्कर्ष काढला. ‘मौन हे संमतीचे लक्षण’ या लोकरूढ वचनाला जणू पुराव्याचे स्थान मिळाले.

पत्रकर्त्यांनी नेमके येथेच बोट ठेविले. संमतीत वश होणे अंतर्भूत असते. परंतु वश होण्यात संमती असतेच असे नाही. तर्कशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही व्याप्ती एकमार्गी आहे. धूर तेथे अग्नी खरा, म्हणून अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे असे होत नाही. मराठी शब्दांची घडणही हेच सुचविते. ‘संमती’त ‘मन्’ हा धातू आहे, म्हणजे मनाचा सहभाग आहे. ‘शरण’ म्हणजे आश्रय. परंतु ज्याच्याकडे आश्रय मागावयाचा तोच जेथे भयाचे कारण आहे, तेथे शरणागतीत मनाचा सहभाग कोठून येणार?

शब्दाचा अर्थ प्रसंगावाचून ठरत नाही, हेही पत्राने दाखविले. रात्र, पोलीस ठाणे, वर्दीतील पुरुष आणि एकटी मुलगी हा त्या मौनाचा संदर्भ होता. स्त्रियांना पोलीस ठाण्यात बोलाविण्याच्या प्रथेबद्दल नंदिनी सत्पथी प्रकरणात, १९७८ मध्येच, याच न्यायालयाने नापसंती दर्शविली होती; येथे मात्र त्याविषयी एक अक्षर नाही, याकडे पत्राने लक्ष वेधले.

पत्राची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. त्यात त्या मुलीच्या नावाचे अनेकवचन केले आहे. विशेषनामाचे सामान्यनाम झाले आहे. कोट्यवधी मूक स्त्रियांची ती प्रतिनिधी ठरते, पण स्वतः बोलत नाही. इंग्रजीतील हे पत्र तिच्या भाषेपासून दूरच राहते. अशा स्त्रीची ओळख छापण्यास १९८३ च्या सुधारणेने मनाई केली (प्रस्तुत विवेचनातही ते नाव टाळले आहे). तथापि हा खटला आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. पीडिताची बाजू मांडणाऱ्या लेखनापुढील हा पेच अद्याप सुटलेला नाही. मात्र पत्रकर्त्यांनी तिच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले नाहीत. तिच्या मौनावर लादलेला अर्थ त्यांनी दूर केला, आणि वकिलीचा हा संयम लहानसा नव्हे.

१९८० मध्ये या निर्णयाविरुद्ध स्त्रीसंघटना रस्त्यावर आल्या. १९८३ च्या सुधारणेने पोलीस कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरविला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा नियम झाला. शारीरिक प्रतिकार न करणे एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे २०१३ मध्ये कायद्यात आले आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही राहिले. चार अध्यापकांनी आग्रहाने मांडलेला शब्दभेद अशा रीतीने कायद्याची भाषा झाला. देसाईगंजच्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र होता तोच राहिला.