हैदराबादची खोली, शारजाची खोली

‘सैराट’ (२०१६) म्हटलं की तुम्हाला ‘झिंगाट’ आठवतं, आणि शेवटची ती रक्ताळलेली पावलं. मधला हैदराबादचा भाग अनेकांना लांबलेला वाटला. मला तोच सगळ्यात खरा वाटतो, कदाचित इथे शारजात पाहिल्यामुळे. परकी भाषा, एकच खोली, हाकेला माहेर नाही.

परशा वाईट नाही. आर्चीसाठी त्याने सगळं सोडलंय. तरी ती कामावर कुणाशी बोलली की त्याला संशय येतो, आणि एक दिवस तो चारचौघांत तिला थप्पड मारतो. नागराज मंजुळे इथे पार्श्वसंगीताने काही झाकत नाहीत, हे मोठंच. आर्ची गाडीत बसते, पण परत येते; इकडे तो गळफास घ्यायला निघालेला. मग दोघं रडतात, समेट होतो, लग्न लागतं.

इथे माझी तक्रार आहे. त्या थपडेचा हिशेब चित्रपट मागतच नाही. फास पाहिला की प्रेक्षकही विरघळतो. ‘तू गेलीस तर मी मरेन’ हे प्रेम नव्हे, धाक आहे, आणि तो आपल्याला ओळखू येत नाही.

आर्चीकडे निदान स्वतःचा पगार होता, जवळ सुमनअक्का होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, अजून नोकरी नसलेल्या मुलीकडे काय असतं? दुबईत २००७पासून महिला आणि बालकांसाठी सरकारी आधारसंस्था आहे. आपल्या गणेशोत्सवात तिचं नाव किती जणींना माहीत असतं, एकदा विचारून पाहा.