गच्चीवरच्या विमानाची अर्धी गोष्ट

कन्हानच्या एका शाळेत विज्ञानाच्या फलकावर मुलांनी दोन कात्रणे शेजारी शेजारी डकवली होती. एक कॅप्टन अमोल यादव यांच्या सहा आसनी विमानाचे. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले हे विमान २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. दुसरे फुलसावंगीचे, म्हणजे आपल्या विदर्भातलेच. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथला एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. मागच्या पंख्याचे पाते तुटून वरच्या पंख्यावर आदळले आणि त्याचा मार डोक्याला बसून तो गेला.

दोन्ही बातम्यांची भाषा मात्र एकच : ध्यास, जिद्द, चित्रपटातला रँचो. एकजण प्रशिक्षित वैमानिक होता आणि त्याचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते, हे वाक्य खरे तर मथळ्यात हवे; ते कोपऱ्यात गेले. आमची मुख्य तक्रार वेगळीच आहे. काम कोणत्या भागापासून सुरू केले, हे दोन्ही कात्रणांत कुठेच नाही.

तुम्ही आधी काय कराल, असे आम्ही मुलांना विचारले. वर्ग एका सुरात म्हणाला, "इंजिन!" त्यांची चूक नाही. छायाचित्रात तेच दिसते, आवाजही तेच करते.

आराखड्यावरून घरी विमान बांधणारे सहसा इंजिन शेवटी घेतात. कामाला वर्षे लागतात, तोवर ते पडून खराब होते. आधी सगळे नकाशे पुन्हा पुन्हा वाचायचे आणि तयार पंख खोलीच्या दारातून बाहेर निघेल का, तेही मोजायचे. (यादवांचे विमान गच्चीवरून सुटे करून क्रेनने उतरवावे लागले.) मग शेपटीचे सुकाणू, किंवा पंखाची एक फासळी. अमेरिकेतील बर्नार्ड पीटनपोल यांचे 'एअर कँपर' हे लाकडी विमान १९३० च्या सुमारास मोटारीच्या इंजिनावर उडाले. त्याच्या आराखड्यावरून लोक आजही विमाने बांधतात. त्याच्या पंखात एकसारख्या पंचवीस-तीस फासळ्या. फळीवर खऱ्या मापाची आकृती काढायची, कडेने ठोकळे ठोकून साचा करायचा, त्यात लाकडाच्या पट्ट्या बसवून सांध्यांवर प्लायवूडचे तुकडे चिकटवायचे. पहिली फासळी मुद्दाम मोडायची. लाकूड तुटले तर सांधा पक्का. चिकटवलेली जागा उकलली तर हात अजून तयार नाही. नुकसान काय, तर दोन-चार पट्ट्या. हाच सांधा आकाशात उकलला असता.

आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल घेऊन मुलांनी दोन फासळ्या केल्या. एकीला घाईत दाबच दिला नाही, दुसरीवर रात्रभर विटा ठेवल्या. सकाळी पहिलीचा सांधा उकलला. दुसरीची काडी मोडली.