छायाचित्राची साक्ष

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या मच्छे गावास युद्ध ही केवळ वर्तमानपत्रातील वार्ता नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. या पंचक्रोशीतील पुष्कळ घरांत देवांच्या तसबिरींपासून जवळच पलटणीच्या पोशाखातील कोणा आजोबांची तसबीर टांगलेली असते, आणि दसऱ्याला तिलाही हार पडतो. अशा घरांत वाढलेल्या वाचकांशी युद्धातील गाजलेल्या छायाचित्रांविषयी बोलताना आम्हांस एकच प्रश्न विचारावासा वाटतो. छायाचित्रावर आपण विश्वास ठेवतो, तो नेमका कशाच्या आधारावर?

११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलजवळ भारतीय छत्रीधारी सैनिक उतरले. ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. पुंगली येथील पूल तिने ताब्यात घेतला आणि जामालपूरकडून आलेली मराठ्यांची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, तिला येऊन मिळाली. या उडीचे म्हणून एक छायाचित्र देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. आकाश छत्र्यांनी भरून गेले आहे, असे ते भव्य दृश्य. परंतु ते टांगाइलचे नव्हतेच. ते आग्र्याच्या आधीच्या सरावाचे होते, हे ते प्रसिद्धीस देणारे संरक्षण खात्याचे अधिकारी आय. राममोहन राव यांनी पुढे स्वतःच सांगितले. उतरली होती एक बटालियन. पाहणाऱ्यांना दिसली अख्खी ब्रिगेड.

या गोष्टीचा आम्ही निषेध करीत नाही. गनिमी काव्याच्या कथा ऐकत वाढलेल्यांनी शत्रूला चकविल्याबद्दल नाक मुरडणे शोभणारे नाही. पण कावा हा लढाईपुरता असतो. लढाई संपल्यावर खरी ओळख न सांगता तेच चित्र छापले, तर शत्रूसाठी रचलेला कावा आपल्याच नातवंडांवर चालू राहतो. ही खोड जुनी आहे. लखनौच्या सिकंदरबागेतील १८५७ च्या संग्रामानंतर फेलिचे बेआतो याने १८५८ साली तेथील छायाचित्र घेतले. त्यात अंगणभर पसरलेली हाडे चित्रासाठी मुद्दाम मांडली गेली होती, असे अभ्यासक मानतात. मेलेल्यांनाही पुन्हा एकदा मांडणीसाठी उठावे लागले!

येथे आम्हांस आपल्या देवळांच्या आवारातील वीरगळ आठवतो. त्याच्या खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ही सारी रचनाच आहे; पाथरवटाने अप्सरा पाहिल्या नव्हत्या. तरीही वीरगळ कोणाला फसवीत नाही, कारण तो 'मी पाहिले' असे म्हणत नाही. 'आम्ही मानतो' असे म्हणतो. छायाचित्र मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलते. म्हणून आमच्या मते दोष मांडणीत नसून न केलेल्या कबुलीत आहे. वीरगळापुढे श्रद्धा पुरते. छायाचित्रापुढे तिच्या जोडीला चौकशीही हवी.

पण सर्वस्वी खरे छायाचित्र तरी सगळे सांगते काय? १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर लेफ्टनंट जनरल नियाझी शरणपत्रावर सही करीत आहेत, शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसले आहेत, ते चित्र कोणी पाहिलेले नाही? त्यातील प्रत्येक रेषा खरी आहे. परंतु मेजाभोवती सेनापती आहेत. ज्यांच्या पावलांनी ते मेज तेथवर पोचले, ते शिपाई त्या चौकटीच्या बाहेर आहेत. गाजलेले चित्र प्रसंग जपते आणि माणूस गाळते. घरातील तसबीर माणूस जपते, पण प्रसंग गाळते.

याच तिसऱ्या मराठा बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले आणि धारातीर्थी पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभला, पण देह सापडला नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे कोरलेले आहे. त्या क्षणाचे छायाचित्र घेणारा तेथे कोणी नव्हता. तरी नाव, तिथी आणि स्थळ नीट नोंदलेले असल्यामुळे ती आठवण आज आठ दशकांनंतरही डळमळीत झालेली नाही. चित्रावाचून नोंद टिकते. नोंदीवाचून चित्र मुके होते.

म्हणून आमची वाचकांस एक विनंती आहे. येत्या दसऱ्यास तसबिरीवर हार घालण्यापूर्वी ती भिंतीवरून खाली घ्यावी आणि पाठीमागे पाहावे. तेथे काही लिहिलेले नसेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नाव, पलटण, साल आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. जे ठाऊक नसेल ते मात्र लिहू नये. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती गेल्यावर हार पडतच राहील, पण तो कोणाच्या गळ्यात पडतो, हे सांगणारे घरात कोणी उरणार नाही.