मानव्यविद्यांच्या अंकीय दप्तराची सद्यःस्थिती

महाराष्ट्रातील इतिहाससाधनांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठविण्याचे काम गेल्या दोन दशकांत ज्या उत्साहाने झाले, त्या उत्साहाने ती साधने वाचण्याचे, परस्परांस जोडण्याचे आणि जोडलेली टिकविण्याचे काम झालेले नाही, ही गोष्ट या विषयाचे परीक्षण करू जाणाऱ्याच्या प्रथम ध्यानात येते. पुण्याचे पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि दूर तंजावरचा सरस्वती महाल यांच्या कपाटांत एकाच इतिहासाचे कागद विखुरले आहेत. परंतु एखाद्या घराण्याचे नाव घेऊन या सर्व ठिकाणी एकाच वेळी शोध घेता येईल, अशी समाईक सूची अभ्यासकाच्या हाती नाही. जे झाले त्याचे मोल मी कमी लेखत नाही; वाळवी आणि दमट हवा यांच्या तावडीतून कागद सुटला, हेही थोडे नव्हे. मात्र प्रतिमांचा साठा आणि संशोधनाची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या बहुतेक योजना पहिलीपाशी येऊन थांबल्या आहेत.

संशोधनाची समाईक सोय ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. जुन्या मराठी पत्रावर ‘इहिदे सबैन अलफ’ असे वर्ष अरबी शब्दांत लिहिलेले आढळते. हे सुहूर सन १०७१, म्हणजे इसवी सन १६७०-७१ होय. वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होणारे, महिना आणि तारीख मात्र हिजरी चांद्रमासाची, आणि शेजारच्याच कागदावर शक व तिथी, असा हा गुंता मोडकांच्या व गणेश सखाराम खरे यांच्या जंत्र्यांनी सोडविला आणि पुढील पिढ्यांचे श्रम वाचविले. तीच जंत्री आज कोणत्याही दप्तराच्या संगणकीय सूचीला परस्पर विचारता आली पाहिजे. प्रत्येक प्रकल्पाने आपल्यापुरते तारखांचे गणित पुन्हा मांडीत बसणे हा निव्वळ अपव्यय आहे.

याहून क्षुल्लक वाटणारी एक अडचण आहे, पण तिचा उपद्रव मोठा. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो; डोळ्यांना शब्द एकच दिसतो, यंत्राच्या लेखी ते दोन ठरतात, आणि एका रीतीने शोध घेतला असता दुसऱ्या रीतीने लिहिलेली पाने हाती लागत नाहीत. युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळविलेल्या ग्रंथांची गोष्ट तर वेगळीच, कारण त्यांचा मजकूर रूपांतराशिवाय वाचताच येत नाही. एका ठरलेल्या रीतीने लेखन करून घेण्याचा जाबता सर्व संस्थांनी मिळून एकदा केला, तर अत्यल्प खर्चात हे काम उरकेल.

खरी संपत्ती मोडीत आहे, आणि तेथेच सहकार्याचे फळ सर्वांत मोठे मिळणार आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. परंतु शब्द न तोडता सलग लिहिलेली, ऱ्हस्वदीर्घाचा भेद फारसा न पाळणारी आणि शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशा वळणांनी बदलत गेलेली ही लिपी यंत्राला वाचावयास शिकवायची, तर मूळ प्रतिमा आणि तिचे शुद्ध वाचन अशा हजारो जोड्या लागतात. या जोड्यांचा एक भाग आपल्या पूर्वसूरींनी सिद्ध करून ठेवला आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि ती मालिका बावीस खंडांपर्यंत गेली, सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या अवधीत संपादिले. बालबोधीत छापलेल्या या पत्रांपैकी ज्यांची मुळे आज उपलब्ध आहेत, त्यांचे छापील पान आणि मूळ रुमालातील कागद यांची जोडयादी केली, तर जाणत्या डोळ्यांनी केलेले वाचन यंत्राच्या शिक्षणासाठी आयते मिळेल. त्यासाठी प्रत्येक कागदाला कायमचा, संस्था बदलली तरी न बदलणारा क्रमांक हवा, आणि मोडी जाणणारा तपासनीस हवा. कारण यंत्राने ‘पुणे’ वाचले की ‘पुढे’, हा निवाडा संदर्भ जाणणाऱ्या माणसालाच करावा लागतो.

मोकळ्या देवघेवीने काय साधते, याचे उदाहरण पुण्याच्याच एका कार्यात आहे. भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिची संहिता जपानच्या मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात उतरविली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि जर्मनीतील ग्योटिंगेन येथील संग्रहातून ती जगभरच्या अभ्यासकांना मिळू लागली. एकाच्या श्रमावर दुसऱ्याला आपले श्रम रचता आले, ते संहिता साध्या, उघड रूपात ठेवली होती म्हणूनच. आपल्या संस्थांना वाटते की प्रत दिली म्हणजे हक्क गेला. ही धास्ती मी समजू शकतो, कारण पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ती दप्तरे राखली आहेत. पण प्रतिमा ज्या त्या संस्थेच्याच ताब्यात राहून ठरलेल्या पद्धतीने सर्वत्र पाहता याव्यात, अशी ‘आयआयआयएफ’ नावाची व्यवस्था जगातील मोठ्या ग्रंथालयांनी स्वीकारलेली आहे, आणि तिच्यात मालकी सोडावी लागत नाही.

उरतो तो पैशाचा आणि टिकाऊपणाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १९९६ साली कला व मानव्यविद्यांची जी समाईक साठवण-सेवा उभी राहिली, तिचे अनुदान २००८ साली थांबले आणि मध्यवर्ती व्यवस्था विसर्जित झाली. युरोपने मात्र भाषासाधनांसाठी ‘क्लॅरिन’ला २०१२ मध्ये आणि मानव्यविद्यांसाठी ‘दारिया’ला २०१४ मध्ये कायदेशीर संस्थेचे रूप दिले, सभासद देश दरसाल वर्गणी भरतात, आणि एखादा प्रकल्प संपला म्हणून सोय बंद पडत नाही. आपल्याकडे २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा झाली आहे. या योजनेतील किती निधी छायाचित्रणाकडे आणि किती सूचीकार, मोडीवाचक व संगणकाची देखभाल करणारा सेवक यांच्या कायम वेतनाकडे जातो, यावर तिचे फलित अवलंबून राहील. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुण्यातील तिन्ही संग्रहांनी आणि धुळ्याच्या मंडळाने आपापल्या रुमालांच्या याद्या एका समान तक्त्यात उतरवून देण्याचा करार करावा आणि शासनाने त्या तक्त्याचा हवाला सांभाळणारी चार-पाच पदे मंजूर करावी; एवढ्याने कामास सुरुवात करता येते, आणि ती या वर्षीच करता येते.