सात मिनिटांचा रस्ता

'नो अदर लँड' या माहितीपटात टोनी ब्लेअर जेमतेम काही क्षण दिसतात. फुटेज जुनं आहे. वेस्ट बँकच्या दक्षिणेला, हेब्रॉनच्या डोंगराळ भागात अत-तुवानी नावाचं खेडं आहे. ब्रिटनचे माजी पंतप्रधान तिथे येतात, पुढेमागे कॅमेरे असतात, सात मिनिटं गावात फिरतात आणि जातात. त्यानंतर, ज्या रस्त्यावरून ते चालले त्या रस्त्यावरची शाळा आणि घरं पाडण्याचे आदेश इस्रायल रद्द करतो. बासेल अद्रा हे कोरड्या आवाजात सांगतो आणि चित्रपट पुढे जातो. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं.

बहुतेकांनी लिहिलं ते मैत्रीबद्दल. बासेल पॅलेस्टिनी, युवाल अब्राहम इस्रायली. दोघंही चित्रपटाच्या चार दिग्दर्शकांपैकी; हमदान बल्लाल आणि राहेल शोर हे बाकीचे दोघं. बर्लिनला २०२४ मध्ये पुरस्कार, मार्च २०२५ मध्ये ऑस्कर. दोन तरुण रात्री हुक्का ओढत बोलत बसलेत, हे चित्र जगाला आवडलं. आवडण्यासारखं आहेच. पण त्याच चित्रात एकाच्या गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे आणि ती कुठेही जाते. दुसऱ्याची हिरवी आहे, आणि त्याला वेस्ट बँकबाहेर जाता येत नाही. एकाला नागरी कायदा, दुसऱ्याला लष्करी. बहिष्कार चळवळीतल्या काहींनी या चित्रपटावर टीका केली, की अशी जोडी दाखवली की ताबा घेणारा आणि ताब्यात असलेला एका पातळीवर आल्यासारखे वाटतात. ही टीका मला पूर्ण पटत नाही, कारण चित्रपट ही विषमता लपवत नाही. युवाल संध्याकाळी घरी जातो हे तो पुन्हा पुन्हा दाखवतो. पण प्रेक्षक मैत्री घेऊन बाहेर पडतात आणि नंबरप्लेट विसरतात, हे मात्र खरं आहे.

मसाफर यत्ता म्हणजे वीसेक वाड्यांचा समूह. माणसं मेंढ्या पाळतात, थोडी शेती करतात, काहींची घरं गुहांमध्ये आहेत. १९८० च्या दशकात इस्रायली लष्कराने ही जमीन सरावाचं क्षेत्र म्हणून जाहीर केली: 'फायरिंग झोन ९१८'. त्याच्या थोडं आधी, १९८१ मधल्या एका बैठकीत तेव्हाचे मंत्री आरियल शेरॉन यांनी या भागातल्या अरब खेड्यांचा विस्तार रोखायला लष्कराला जमीन देऊ केली होती. त्या बैठकीचं इतिवृत्त नंतर उजेडात आलं. तरीही मे २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांना हटवायला मोकळीक दिली. हजाराहून जास्त माणसांचा प्रश्न होता.

मग यंत्रं येतात. चित्रपटाचा बराचसा भाग यंत्रं येण्याचाच आहे. घर पाडलं जातं, लोक गुहेत सामान हलवतात, रात्री पुन्हा भिंत उभी करतात, यंत्र परत येतं. विहिरीत काँक्रीट ओतलं जातं. जनरेटर नेऊ नका म्हणून झटापट करणाऱ्या एका तरुणाला गोळी लागते, मानेखालचं शरीर लुळं पडतं. त्याची आई त्याला गुहेत सांभाळते. पुढे तो जातो. कॅमेरा या सगळ्यात धावतो, पडतो, कधी नुसती माती दिसते आणि धाप ऐकू येते. असं फुटेज आपण फोनवर रोज पाहतो आणि अंगठ्याने वर सरकवतो. फरक असा की इथे ते सरकत नाही. चार वर्षं तीच माणसं, तीच टेकडी. कंटाळा येईल इतकी पुनरावृत्ती आहे, आणि ती मुद्दाम ठेवली आहे.

अधिकारी दर वेळी एकच सांगतात: बांधकामाला परवाना नाही. पॅलेस्टिनींना तो या भागात जवळजवळ मिळतच नाही, हे सांगत नाहीत. 'अनधिकृत बांधकाम' हा शब्द मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला नवा नाही. २०१९ मध्ये जेसीबीच्या खुदाईवर मीम करून हसणारे आपण, २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आरोप आहे म्हणून कुणाचं घर पाडता येत नाही. तुलना इथेच सोडतो. ताब्यातल्या प्रदेशाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे घर पाडणाऱ्या सरकारला तिथले लोक मतच देत नाहीत.

म्हणूनच दबाव बाहेरून यावा लागतो. चित्रपटात बासेल युवालला चिडवतो, की तुला सगळं दहा दिवसांत संपवायचंय. बातमीला किती लोकांनी पाहिलं यावर युवाल अस्वस्थ होतो. पाहिलं, हळहळले, मग पुढे काय, हा प्रश्न तिथे लटकून राहतो. उत्तर चित्रपटात आधीच येऊन गेलंय: सात मिनिटं. ज्याच्या हातात सत्ता आहे असा माणूस चालून गेला की आदेश मागे घेतले जातात. हे पाहून चीड येते. पण 'कुणी काही करू शकत नाही' ही सबबही तिथेच संपते.

करायचं काय, हेही लिहून ठेवलेलं आहे. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की १९६७ पासून ताब्यात घेतलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशातली इस्रायलची उपस्थिती बेकायदा आहे, आणि ती टिकवायला इतर देशांनी मदत करू नये. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ताबा संपवायला बारा महिने दिले. १२४ देश बाजूने, १४ विरोधात, ४३ तटस्थ. भारत तटस्थ. पीएलओला मान्यता देणारा पहिला अरबेतर देश आपला होता, १९७४ मध्ये.

मतदान म्हणजे कागद, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. चित्रपटाला मदत करणारे शिक्षक आणि कार्यकर्ते औदा हथलीन २८ जुलै २०२५ रोजी उम्म अल-खैरमध्ये गोळी लागून गेले. या प्रकरणात पकडून नंतर सोडलेल्या सेटलरवर अमेरिकेने २०२४ मध्येच निर्बंध घातले होते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ते उठवले. निर्बंध असते तर गोळी सुटली नसती, असा माझा दावा नाही. पण ते उठवल्याचा अर्थ त्या टेकड्यांवर काय घेतला गेला असेल, हे समजायला फार कल्पना लागत नाही. त्याआधी मार्चमध्ये, ऑस्करनंतर महिनाही झाला नव्हता, हमदान बल्लालला सुसियात घराजवळ सेटलरांनी मारलं आणि सैनिकांनी त्यालाच पकडून नेलं. जगभर ओरड झाली. दुसऱ्या दिवशी तो सुटला.

आमसभेची बारा महिन्यांची मुदत सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. शस्त्रांचा व्यापार थांबवणं, वसाहतींमधला माल न घेणं, हल्लेखोरांना व्हिसा नाकारणं, हे सगळं आपल्या सरकारकडे मागता येतं, खासदाराला पत्र लिहून मागता येतं. त्याहून लहान मागणीही आहे. रामल्लामध्ये भारताचं प्रतिनिधी कार्यालय आहे. मधले नाके धरूनही तिथून मसाफर यत्ता काही तासांवर आहे.