घरचा सर्व्हर, पण डेटा कोणाचा? नेक्स्टक्लाउड संशोधकाच्या नजरेतून

पीएचडीला लागल्यावर वर्षभरात एक प्रश्न बहुतेकांना पडतो: एवढ्या फाइली ठेवायच्या कुठे? गूगलची फुकटची जागा १५ जीबी. संस्थेचं खातं बऱ्याच ठिकाणी पदवीनंतर बंद होतं. मग कोणीतरी सुचवतं, "घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेक्स्टक्लाउड टाक, डेटा आपल्याच ताब्यात राहील." सल्ला चांगला आहे, पण त्यातले 'आपल्याच' आणि 'ताब्यात' हे दोन शब्द तपासून घ्यायला हवेत.

आधी ओळख. २०१६ मध्ये ओनक्लाउड या प्रकल्पातून फुटून नेक्स्टक्लाउड तयार झालं. दोन्हींचा संस्थापक एकच, फ्रँक कार्लिचेक. सॉफ्टवेअर मुक्त आहे. ब्राउझरमधून फाइल टाकता येते, मोबाइल-लॅपटॉप सिंक होतात, पासवर्ड आणि मुदत घालून लिंक देता येते. मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच: साध्या मांडणीत फाइली डिस्कवर साध्या फाइली म्हणूनच राहतात. उद्या नेक्स्टक्लाउड बंद पडलं तरी डिस्क काढून त्या वाचता येतात. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण इथेच एक अडचणही आहे. कुठली फाइल कुठे आहे, याची नोंद डेटाबेसमध्ये असते. एखाद्या उपकरणाचा प्रोग्राम थेट त्या फोल्डरमध्ये फाइल लिहू लागला, तर पुन्हा स्कॅन केल्याशिवाय ती नेक्स्टक्लाउडला दिसत नाही. रोज शेकडो रीडिंग घेणाऱ्या लॅबमध्ये हे आधी माहीत असलेलं बरं.

आता 'ताबा'. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांत कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरची विनंती तुमच्यापर्यंत पोचत नाही. टेलस्केलसारखं खासगी जाळं वापरून मार्ग निघतो, पण मग फाइल पाहणाऱ्यालाही सहसा त्या जाळ्यात घ्यावं लागतं. शिवाय घरून फाइल बाहेर जाते ती अपलोडच्या वेगाने. १० एमबीपीएस अपलोड असेल, तर ५० जीबीचा मायक्रोस्कोपच्या चित्रांचा फोल्डर जायला अकरा तासांहून जास्त लागतील. कॉम्प्युटर सरासरी ६० वॅट खात असेल, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट.

देखभालही आपलीच. २०२४ मध्ये एप्रिलला २९वी आणि सप्टेंबरला ३०वी आवृत्ती आली. अपग्रेड करताना मधली मोठी आवृत्ती गाळता येत नाही. थीसिस लिहिताना दीड वर्ष लक्ष दिलं नाही, तर नंतर एकेक पायरी चढावी लागते. तोपर्यंत इंटरनेटला उघडा असलेला सर्व्हर सुरक्षा-दुरुस्त्यांशिवाय चालू राहतो, हे जास्त गंभीर आहे.

सर्वांत मोठा गैरसमज बॅकअपचा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी फाइल पुसली की सगळीकडे पुसली जाते. ट्रॅश आणि जुन्या आवृत्त्या मदत करतात, पण त्याही त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की सगळंच गेलं. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम इथेही लागू आहे. नुसते स्वतःचेच दोन-तीन कॉम्प्युटर जुळवायचे असतील, तर सिंकथिंग हलकं पडतं. त्याला मध्ये सर्व्हर लागत नाही.

आता 'आपला'. संशोधनाचा डेटा अनेकदा कागदोपत्री संस्थेचा किंवा प्रकल्पाचा असतो. त्यात रुग्णांची किंवा मुलाखत दिलेल्यांची माहिती असेल, तर ती कुठे ठेवणार हे एथिक्स कमिटीला आपण लिहून दिलेलं असतं. ती घरच्या डिस्कवर आणणं म्हणजे त्या लोकांना दिलेला शब्द मोडणं ठरू शकतं. ॲडमिन तुम्ही असल्यामुळे लॅबमधल्या इतरांच्या फाइलीही तुमच्या हातात येतात, हेही लक्षात घ्या.

पेपरमध्ये घरच्या सर्व्हरची लिंक तर कधीच देऊ नका. तुम्ही घर बदललं, की वाचकाला काहीच मिळणार नाही. त्यासाठी झेनोडो आहे: सर्नने २०१३ पासून चालवलेलं, फुकट, प्रत्येक नोंदीला कायमचा डीओआय देणारं.

माझं मत असं: शिकण्यासाठी नेक्स्टक्लाउड जरूर लावा. लिनक्स, डेटाबेस, नेटवर्क हे सगळं एका प्रयोगात हाताखालून जातं. ड्राफ्ट, पीडीएफ, कोड यांची दुसरी प्रत म्हणून ते छान चालतं. मूळ डेटाची एकमेव प्रत मात्र तिथे नको. आणि लावण्याआधी गाइडशी एकदा बोला: हा डेटा घरी नेता येतो का, आणि मी गेल्यावर पुढच्या विद्यार्थ्याला तो कुठे सापडेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लॅबच्या वहीत लिहून ठेवा.