पाहिल्याचा अपराध : मुक्तिबोधांची एक कविता आणि पाळतीचे जग

रायपूरच्या कडेला वसलेले बीरगांव हे कामगारांचे गाव. उरला औद्योगिक क्षेत्रातील पाळी सुटली की रस्ते माणसांनी भरतात. अशा वस्तीत एखाद्याची मोटारसायकल चोरीस गेली, तर कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहा, अशी मागणी प्रथम तोच करतो. ही मागणी क्षुल्लक नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जो संहार झाला, त्याच्या खटल्यात स्थानकावरील कॅमेऱ्यांचे चित्रण पुराव्यात आले. २०१६ साली मुंबईत शहरव्यापी कॅमेऱ्यांचे जाळे सुरू झाले, तेही त्याच जखमेतून. तेव्हा भयग्रस्त नागरिकाची बाजू हसण्यावारी नेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. साहित्य या प्रश्नात काय दाखवू शकते, एवढेच येथे पाहावयाचे आहे; आणि त्यासाठी बीरगांवपासून फार दूर जावे लागत नाही.

पश्चिमेस सत्तर-ऐंशी किलोमीटरवरील राजनांदगांव येथे, दिग्विजय महाविद्यालयात, १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतच कवी आणि समीक्षक म्हणून मान्यता पावले. वडील पोलीस खात्यात अधिकारी होते, हा तपशील प्रस्तुत संदर्भात मला विसरता येत नाही. १९६२ साली मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते निवर्तले आणि ‘अंधेरे में’ ही त्यांची दीर्घ कविता त्यानंतर प्रसिद्ध झाली.

या कवितेत मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते. बँडपथक आहे, सैन्य आहे. आणि त्यात ओळखीचे चेहरे आहेत – पत्रकार, कवी, समीक्षक, मंत्री, उद्योगपती, आणि त्यांच्याच रांगेत शहरातला एक कुप्रसिद्ध खुनी. दिवसा कचेऱ्यांतून वावरणारी ही प्रतिष्ठित मंडळी रात्री आपल्या खऱ्या रूपात चालली आहेत. निवेदक ते पाहतो आणि त्यांच्या नजरेस पडतो. लगेच आरोळी उठते : याने आपल्याला उघडे पाहिले, याला मारा. त्याने काही चोरलेले नाही, कोणास दुखावलेले नाही. पुढे तो पकडला जातो, त्याची कवटी फोडून आत कोठे गुप्त छापखाना दडला आहे काय, याचा शोध घेतला जातो. (टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकते तो प्रसंग मराठी वाचकाच्या अधिक स्मरणात राहतो; माझ्या मते कवितेचे मर्म या कवटीच्या झडतीत आहे.)

नामवर सिंहांनी या कवितेत अस्मितेचा शोध पाहिला. रामविलास शर्मांना तीत दुभंगलेल्या मनाचे चित्र दिसले. दोन्ही वाचने कवीच्या आत उतरतात आणि रस्त्यावरचा तो क्षण मागे राहतो. तेथे पाहणे ही सत्तेची मिरास आहे. सत्तेने नागरिकाच्या डोक्यापर्यंत पाहावे. नागरिकाने सत्तेला खिडकीतूनही पाहू नये. नजरेची ही एकेरी वाट मुक्तिबोधांनी खांबांवर कॅमेरे येण्यापूर्वी कितीतरी आधी ओळखली होती.

मराठीला मात्र या वाटेची दुसरी बाजू ठाऊक आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७) पाळत ही कल्पना नाही, ती हजेरी आहे. १८७१ पासून १९५२ पर्यंत गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. ठरल्या वेळी हजेरी, परगावी जायला परवाना, रात्री-अपरात्री झडती. गायकवाडांच्या निवेदनात आक्रोश फार थोडा आहे. झडती तेथे रोजच्या भाकरीइतकी सवयीची आहे, आणि म्हणूनच ती वाचवत नाही. निदान त्या काळी हजेरी घेणाऱ्याला तोंड होते. त्याला शिवी देता येई, त्याच्या हातावर काही ठेवता येई. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार घेतलेली छायाचित्रे, ठसे आणि बुबुळांची नोंद ७५ वर्षे जपता येते. जुन्या नोंदवहीतले नाव यंत्राच्या स्मरणात गेले, तर ते पुसायला कोणाच्या दारी जावे?

न्यायालयाची भाषा या बाबतीत हळूहळू बदलली. १९७५ साली गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात पोलिसांच्या घरझडतीचे नियम टिकले, परंतु खासगीपणाचा हक्क असू शकतो असे मान्य झाले. तो मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी निःसंदिग्धपणे सांगण्यास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

तथापि मुक्तिबोधांच्या कवितेशी ज्याचे खरे नाते आहे, तो निर्णय मला वेगळाच वाटतो. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत, कोठड्या आणि ये-जा करण्याच्या वाटा त्यांच्या कक्षेत असाव्यात आणि चित्रण शक्यतो १८ महिने ठेवावे, असा आदेश दिला. येथे नजर उलटी फिरते. खिडकीशी उभा असलेला निवेदक जणू ठाण्याच्या भिंतीवर बसविला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये, कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तपत्रीय बातमीवरून, ठाण्यांतले कॅमेरे चालू स्थितीत का नाहीत, याची दखल त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. चौकातला कॅमेरा बंद पडला की तक्रार नोंदवायला माणसे असतात. ठाण्यातला बंद पडतो, तेव्हा मध्यरात्रीची मिरवणूक कोणालाही न दिसता पुढे निघून जाते.